धोतरावरचं सूर्यफूल

अन्याय झाला तो आमच्या चित्रकलेच्या सरांवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे मागाहून कुणी ‘आम्ही त्या दिवशी गावात नव्हतो’ म्हणायला नको. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शिरूरचा बाजार गच्च भरलेला असताना. किराणा दुकानाच्या पायरीवर. निम्म्या गावाला चित्र काढायला शिकवलेल्या माणसाला त्याच गावानं हात जोडायला लावले. आणि कशापायी? हळदीपायी!

सरांचं नाव मी लिहिणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. दुकानदाराचंही लिहिणार नाही, त्याला ते आवडेल. फुकटात जाहिरात कशाला?

गावात नुकताच केबल टीव्ही आला होता आणि चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ उगवले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी दौंड तालुक्यातली, भांडगावकडची. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, वडलांपासून शेती. मला हवं ते कॉलेज शिरूरला मिळालं म्हणून सरांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. सर तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवायचे थांबले नव्हते. फक्त वर्ग बदलला होता. आता वर्ग किराणा दुकानात भरायचा.

सर खरेदीला निघाले की आख्ख्या आळीला कळायचं. अंगात नीळ घातलेला सदरा, पांढरंशुभ्र धोतर, खांद्याला झोळी आणि हातात चिनी मातीची पॅलेट. होय, रंग कालवायची पॅलेट! वाट्या वाट्या असलेली ती पांढरी थाळी घेऊन सर दुकानात उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘‘चिमूट चिमूट सगळं दाखवा.’’ एका वाटीत जिरं, एकीत मोहरी, एकीत धने, मग तिखट, मग हळद. दुकानातली माणसं हसायची. ‘‘आलं बघा सरांचं ताट! शेठ, वाढा!’’

सरांना ऐकू यायचं नाही असं नाही. त्यांना फरक पडायचा नाही.

मग पॅलेट घेऊन ते पायरी उतरायचे आणि रस्त्यावर, भर उन्हात, थाळी तोंडापुढं धरून उभे राहायचे. टेम्पो आला तर टेम्पो थांबायचा. जिरं तळहातावर चोळायचे, नाकाला लावायचे, डोळे मिटायचे. डोळे उघडेपर्यंत गिऱ्हाइकांचा खोळंबा. तिखटाची चिमूट बोटावर पसरून एकदा म्हणाले, ‘‘हा मिरचीचा लाल नाही. हा एसटीचा लाल आहे.’’ आणि तेवढ्यात समोरून एसटी गेली! मी शपथेवर सांगते, त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येकानं एकदा एसटीकडे पाहिलं आणि एकदा आपल्या पुडीकडे. दोघींनी पुड्या परत केल्या.

संध्याकाळी दिवे लागल्यावर सर काहीच विकत घ्यायचे नाहीत. मीठसुद्धा नाही. ‘‘ट्यूबलाइटखाली मुलगी बघू नये आणि हळद घेऊ नये,’’ असं त्यांचं एक वाक्य होतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिथंच भांडले. म्हटलं, ‘‘सर, मुलगी काय दुकानात ठेवलेली असते?’’ सर थांबले. विचार केला. दुसऱ्या दिवशीपासून म्हणायला लागले, ‘‘ट्यूबलाइटखाली जावई बघू नये आणि हळद घेऊ नये.’’ एवढ्या वयाचा माणूस आपलं लाडकं वाक्य एका रात्रीत दुरुस्त करतो, हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं. आजवर पुन्हा पाहिलेलं नाही.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे. एसटीच्या पासाचं, मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याचं. छापायला देण्याआधी सरांना दाखवायचे, अक्षरांची मांडणी बघायला म्हणून. सर मांडणी बघायचेच नाहीत. पेन्सिल घेऊन म्हणायचे, ‘‘‘निर्लज्ज, मुजोर आणि बेफिकीर अधिकारी.’ यातला एक शब्द ठेव. उरलेली भेसळ आहे.’’

‘‘सर, तिन्ही खरे आहेत!’’

‘‘मग तिन्ही वेगवेगळे सिद्ध कर. रंग ओतून लाल करू नकोस.’’

मी चिडायचे. आणि मग तिन्ही सिद्ध करायचे.

काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, सरांबरोबर दुकानात कधीच जायच्या नाहीत. बायका विचारायच्या, ‘‘सर, काकू न्हाई आल्या?’’ सर म्हणायचे, ‘‘ती आली की गप्पा होतात, मी आलो की खरेदी होते.’’ आणि मग दोन तास तिथंच. घरी काकू मला म्हणायच्या, ‘‘अगं, गेलेत जिरं आणायला. आता जिरं पेरून, उगवून आणत्यात का बघू.’’

उन्हाळा म्हणजे मसाल्याचे दिवस. ज्यांच्या घरी वर्षाचा मसाला होतो त्यांना सांगायला नको. मिरच्या निवडायच्या, देठं काढायची, उन्हात वाळवायच्या, धने-खोबरं-दगडफूल भाजायचं आणि डब्यात भरून डंखावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, कुटायला न्यायचं. अर्धा तालुका शिंकत असतो. खेड्यापाड्यातून बायका बाजाराच्या दिवशी येतात आणि वर्षाची हळद एकदमच घेऊन जातात. म्हणजे बघा, वैशाखात एकदा फसलं घर की ते पुढच्या वैशाखापर्यंत फसलं! पोरांच्या भातात, बाळंतिणीच्या दुधात, कापलेल्या बोटावर, सगळीकडे तीच हळद.

त्या वर्षी सरांनी मोठ्या दुकानातली हळद पॅलेटमध्ये घेतली, उन्हात धरली आणि पॅलेट दोनदा तिरकी करून पाहिली. मग वर चढून शेठना म्हणाले, ‘‘शेठ, हा हळदीचा पिवळा नाही. हा टेलिफोन बूथच्या पाटीचा पिवळा आहे.’’

दुकान भरलेलं. शेठ हसले. ‘‘सर, चित्र काढायचंय का कालवण करायचंय?’’

‘‘दोन्हीला रंग खराच लागतो.’’

‘‘पोत्यावर शिक्का हाय की! वरनं माल आला तसा इकतो मी. एवढी बाया-माणसं नेत्यात, कुणाचं पोट दुखलं?’’

‘‘कुणाला विचारलंत?’’

आता शेठ हसायचे थांबले. तेवढ्यात आबा पुढं झाले. आबा म्हणजे सोसायटीत वजन असलेलं माणूस. जमीनजुमला मोठा, आवाज त्याहून मोठा. गावात कुठंही दोन माणसं भांडली की तिसरे आबा. म्हणाले, ‘‘सर, तुम्ही मास्तर माणूस. असं कुणाच्या धंद्यावर बोट दावू नये. सिद्ध करा, न्हाईतर सोडून द्या.’’

सरांचे डोळे चमकले. सिद्ध करा! हा शब्द म्हणजे सरांना पुरणपोळी.

त्यांनी झोळीतून चित्रकलेचा जाड कागद काढला. घरी हळकुंडं कुटून केलेल्या हळदीची पुडी नेहमी त्यांच्या झोळीत असायची, का ते विचारू नका. दोन्ही हळदी पाण्यात कालवल्या आणि ब्रशानं दोन पट्टे ओढले. डावा घरचा, उजवा दुकानातला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘खरी हळद उन्हात उडते. घातलेला रंग उडत नाही. हा कागद दुकानाच्या भिंतीला उन्हात लावा. पुढच्या बाजारी बघा.’’

आबा म्हणाले, ‘‘मंजूर.’’ कागद भिंतीला डकवला. काय उत्साह सांगू! मला तर मिरवणूक काढावीशी वाटत होती. रात्री मी पत्रकाचा मथळासुद्धा लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेठनी दुकानाच्या पुढं ताडपत्री सोडली. ‘‘गिऱ्हाइकाला ऊन लागतंय,’’ म्हणाले. आठ दिवस ती ताडपत्री वर गेली नाही, आणि आम्ही मात्र जिंकल्याच्या तोऱ्यात तिकडे फिरकलोच नाही. बाजाराच्या दिवशी, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दुपारी, सगळे जमले. कागद काढला. डावा पट्टा पिवळा. उजवा पट्टा पिवळा. दोन्ही जसेच्या तसे.

आणि गाव हसलं.

मी ते हसू विसरलेले नाही. सरांचे विद्यार्थी हसले. ज्यांना सरांनी हात धरून आंबा काढायला शिकवला ते हसले. एक जण म्हणाला, ‘‘सर, आता पट्टा उडायचा राह्यला, तुम्हीच उडा!’’ आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, ‘‘चला सर. मोठेपणा दावा. हात जोडा आन् मिटवून टाका. आन् परत ह्या पायरीवर नाटक नको.’’

मी ओरडले, ‘‘ताडपत्री बघा की!’’ कुणी ऐकलं नाही. शेठ म्हणाले, ‘‘पोरी, तुझं पत्रक तुझ्यापाशी ठेव.’’

सरांनी वर पाहिलं. ताडपत्रीकडे. मग कागदाकडे. मग हात जोडले आणि म्हणाले, ‘‘माफी मागतो. मी सावलीत ऊन शोधत बसलो.’’

ही माफी होती की चपराक, ते तिथल्या एकालाही कळलं नाही. त्यांना जोडलेले हात दिसले, तेवढ्यावर ते खूश! सर पायरी उतरले. पॅलेट तशीच काउंटरवर राहिली. ती मी आणली.

घरी आलो तर काकू अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी रडत-ओरडत सगळं सांगितलं. सर खाटेवर बसून राहिले. काकूंच्या हातात सरांचं ओलं धोतर होतं. ते त्यांनी एवढ्या जोरात झटकलं की पाणी आमच्या तोंडावर उडालं.

‘‘आन् तितं एकबी बाई नव्हती?’’

‘‘मागं होत्या काकू, पण पुढं सगळे पुरुषच.’’

‘‘मग बरोबर हाय! मेल्यांनी जल्मात कवा धोतर वाळत घातलंय व्हय? अगं, हळदीचा डाग उन्हात जातो हे सांगायला सर कशाला पाह्यजे? नवरीची साडी हळदीत भरती, ती आपण काय करतो? साबण लावला की लाल व्हतो, आन् गच्चीवर उन्हात टाकला की दोन दिसांत गायब. सावलीत टाकला तर वरीसभर हलत न्हाई! कुठल्याबी बाईला इचारा!’’

सर खाटेवरून उठले. काकूंच्या हातातलं धोतर घेतलं, उलगडलं, उजेडात धरलं. केवढं पांढरं कापड! आणि मला म्हणाले, ‘‘उद्या डंखावर जा. प्रत्येकीला सांग, घरातली चिमूटभर हळद घेऊन आमच्या गच्चीवर या. आणि कुठल्या दुकानातली ते लक्षात ठेवून या.’’

मी गेले. डंखावर मिरचीच्या खकाण्यात, नाकाला पदर लावून बसलेल्या बायकांना सांगितलं. पत्रक नाही, भाषण नाही, नुसतं काकूंचं वाक्य सांगितलं. अशा हसल्या! हे हसू वेगळं होतं बरं का. एक धनगरीण मामी मोठ्यानं म्हणाली, ‘‘म्हंजी आबांनी हळदीचा डाग सावलीत वाळवला? आन् त्यो न्याय करतोय गावाचा?’’ डंखाचा आवाज थांबला असेल तर तो त्या हसण्यानं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर ही गर्दी! कुणी कागदात, कुणी हळदी-कुंकवाच्या करंड्यात, कुणी नुसती पदराच्या गाठीला बांधून हळद आणलेली. सरांनी धोतर गच्चीच्या कठड्यावर ताणून बांधलं. मध्ये काळ्या शाईनं मोठा गोल काढला. आणि म्हणाले, ‘‘प्रत्येकीच्या डब्यातली एक पाकळी.’’

डिंकाचं पाणी घालून हळद कालवायची आणि ब्रश त्या बाईच्याच हातात द्यायचा. ज्या बायकांनी शाळा सोडल्यापासून ब्रश धरला नव्हता, किंवा कधीच धरला नव्हता, त्यांच्या हातावर हात ठेवून सर पाकळी ओढून घ्यायचे. ‘‘घाबरू नका, बाहेर गेली तरी चालेल. फुलाला कंपास लागत नाही.’’ काकू चहा करत होत्या आणि खालून ओरडत होत्या, ‘‘माझ्या कुरडयांवर पाय देऊ नका गं!’’ एक पाकळी माझ्या आईच्या डब्यातली होती. नुकतीच मी भांडगावला जाऊन आले होते, तेव्हा तिनं दुधात घालायला पुडीत बांधून दिली होती. आईची हळद म्हणजे मला देवासारखी.

संध्याकाळपर्यंत सरांच्या धोतरावर एवढं मोठं सूर्यफूल फुललं! सगळ्या पाकळ्या झगझगीत. कुठली खरी, कुठली खोटी, ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

मग ऊन. शिरूरचं वैशाखातलं ऊन, ज्याला गाव वर्षानुवर्षं शिव्या देत आलं, त्याला आम्ही त्या आठवड्यात हात जोडले. बायका रोज येऊन बघायच्या. पहिल्यांदा एक पाकळी फिकी झाली, तेव्हा जिची पाकळी होती ती बाई टाळ्या वाजवत नाचली. ‘‘माझी उडाली! माझी उडाली गं!’’ हळूहळू फुलाच्या पाकळ्या गळत गेल्या. काकूंची गेली. मामीची गेली. धोतर पुन्हा पांढरं होत गेलं. पण काही पाकळ्या हलेनात. उलट भोवतीचं पांढरं झालं तशा त्या जास्तच चमकायला लागल्या. एकेका बाईला विचारलं: कुठली हळद? मोठ्या दुकानातली. तुमची? मोठ्या दुकानातली. तुमची? तीच.

आणि माझ्या आईची पाकळी? तीही तशीच झगझगीत. गावाकडे जाताना मीच शिरूरहून नेऊन दिलेली हळद ना ती! म्हणजे माझ्या घरातसुद्धा, माझ्याच पिशवीतून! त्या दिवशी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. या लेखात तुम्हाला तो जास्त वाटत असेल तर समजून घ्या, किंवा नका घेऊ.

पुढच्या बाजारी बायकांनी ते धोतर चार टोकांना धरून बाजारातून नेलं. पुढं काकू. आयुष्यात नवऱ्याबरोबर खरेदीला न गेलेल्या काकू, नवऱ्याचं धोतर निशाणासारखं धरून! कांदेवाले उठून उभे राहिले. ‘‘काय हाय हे?’’ विचारणाऱ्याला प्रत्येक बाई आपली पाकळी दाखवत होती. दुकानापुढं आल्यावर मामीनं आबांना हाक मारली. ‘‘आबा, या की भायेर! ह्यो डाग उन्हात वाळवलाय. बघा बरं जमलंय का!’’

आबा आले. बघितलं. डोकं खाजवलं. म्हणाले, ‘‘बरं, झालं गेलं. कशाला उकरायचं?’’ शेठ म्हणाले, ‘‘वरनंच तसा माल आला, मी काय करू?’’ आठवडाभरात हळदीचं ते पोतं दुकानातून दिसेनासं झालं आणि ताडपत्रीही वर गेली. काउंटरवर अख्खी हळकुंडं आली.

झालं. एवढंच. जिंकलो म्हणा हवं तर. आम्ही त्या रात्री आमरस खाल्ला. पण हात कुणी जोडले नाहीत. सरांची माफी भर बाजारात, आणि यांची चूक मागच्या दारानं पोत्यातून गेली! हा कुठला हिशोब? सर त्यानंतरही त्याच दुकानात जात राहिले, पण पायरी चढले नाहीत. खाली रस्त्यावर उभं राहून पॅलेट पुढं करायचे. शेठ म्हणायचे, ‘‘वर या की सर, झालं ते झालं.’’ सर म्हणायचे, ‘‘मला खालीच बरं आहे. उजेड इथं आहे.’’

काकू गेल्यावर मुलीनं सरांना दौंडला नेलं. जावई रेल्वेत. हा जावई ट्यूबलाइटखाली पाहिलेला नाही, हे सर आवर्जून सांगतात. मी आता दौंडकडेच काम करते, रेशनच्या आणि भेसळीच्या तक्रारी लढवते, म्हणून अधूनमधून जाते. परवा गेले तर सर क्वार्टरच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. हातात पॅलेट. वाटीत हळद. समोरून गाडी खडखडत गेली, तशी मान वर केली.

‘‘कोण? पत्रकवाली का?’’

मी म्हटलं, ‘‘सर, काय बघताय?’’

‘‘बघतोय कुठं! मोतीबिंदू झालाय दोन्ही डोळ्यांत. साखर कमी झाल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत. आता मला सगळंच पिवळट दिसतं. सगळी हळद खरीच वाटते.’’ हसले. ‘‘दुकानात आता बंद पुड्यांच्या माळा. उजेड आत जात नाही, वास बाहेर येत नाही. कुणीतरी फोडून उन्हात धरायला पाहिजे. माझं काम संपलं.’’

मी निघाले तशी म्हणाले, ‘‘शिरूरचं कुणी भेटतं का गं तुला?’’

‘‘भेटतात की. काय सांगू?’’

‘‘त्यांनी माफी मागावी असं काही नाही. पण मी मागितली होती ना, ती चुकून मागितली. ती मला परत पाहिजे.’’

तर शिरूरकरांनो, हे तुमच्यासाठी आहे. त्या दुपारी हसलेल्यांसाठी, आणि मागं उभं राहून गप्प बसलेल्यांसाठीही. आज, आत्ता, घरातली हळद काढा. पांढऱ्या फडक्यावर एक बोट ओढा आणि ते गच्चीवर टाका. उन्हात. सावलीत नाही! आठवड्यानं ते फडकं घ्या आणि दौंडची एसटी पकडा. रेल्वे कॉलनीत चित्रकलेचे सर कुठं राहतात ते पोरंसुद्धा सांगतील. फडकं सरांच्या हातात द्या. त्यांना रंग दिसणार नाही, म्हणून तुम्हीच सांगा, उडाला की राहिला. खरं सांगा. आणि मग त्यांची माफी त्यांना परत करून या.